थाई वाचता येत नसलं तरी थायलंडमध्ये अस्सल थाई जेवण कसं मागवायचं

थायलंडला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या लोकांना जेवणाचं विचारलं की बऱ्याचदा एकच उत्तर येतं, "ठीक होतं, जरा गोडच असतं सगळं". मग कळतं की चार दिवसांत पॅड थाई आणि ग्रीन करी सोडून काही मागवलंच नव्हतं आणि टूरवाल्यांनी रात्री पंजाबी बुफेत नेऊन बसवलं होतं. हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण ते लोक फुटपाथवर ज्या टपऱ्या ओलांडून बुफेला गेले ना, तिथेच त्या शहरातलं चांगलं जेवण शिजत होतं.

असं होण्याची कारणं दोन. एक म्हणजे इंग्रजी मेनू. बऱ्याच दुकानांत भिंतीवरच्या थाई यादीत साठ पदार्थ असतात आणि इंग्रजी कार्डावर पंधरा, तेही परदेशी माणसाला आधीच माहीत असलेले. दुसरं कारण म्हणजे बनवणारी बाई किंवा दादा तुमचा चेहरा बघून चव बदलतात. मिरची कमी, आंबट कमी, फिश सॉस कमी आणि साखर थोडी जास्त. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणूनच करतात ते, पण ताटात जे येतं ते ते स्वतः खातात तसं नसतं. या दोन्हींवर उपाय आहे आणि त्यासाठी थाई लिपी शिकायची गरज नाही. मेनू वाचता येत नसेल तर दुकान वाचायचं, आणि वीसेक शब्द तोंडात बसवायचे.

आधी दुकान ओळखा

थायलंडमधलं साधं दुकान सगळं काही बनवत नाही, एखादाच प्रकार बनवतं आणि तो काचेमागे समोरच मांडलेला असतो. काचेत उकडलेल्या कोंबड्या टांगल्या असतील तर ते खाव मन कै, म्हणजे चिकनच्या पाण्यात शिजवलेला भात आणि वर चिकनचे काप. मोठ्या पातेल्यात तपकिरी रश्श्यात डुकराचे पाय शिजत असतील तर खाव खा मू. काचेत नूडल्सच्या गुंडाळ्या आणि मांसाचे गोळे दिसले की क्वाय तिआव, म्हणजे नूडल्स. लाकडी किंवा मातीचा उंच खल आणि ठकठक आवाज येत असेल तर सोम तम, कच्च्या पपईचं सॅलड, आणि शेजारी कोळशावर कोंबडी भाजत असणार. अशा ठिकाणी मेनू लागतच नाही, बोटाने दाखवायचं आणि किती प्लेट ते सांगायचं.

पहिल्या दिवशी सगळ्यात सोपं दुकान म्हणजे खाव कॅंग. इथे वीस-पंचवीस ट्रे किंवा पातेली मांडलेली असतात, करी, परतलेल्या भाज्या, तळलेले मासे, अंडी, सगळं तयार. प्लेटमध्ये भात घेतला जातो, तुम्ही बोट दाखवून "अन नी" म्हणायचं, म्हणजे हे, आणि वाढणारी बाई त्या भातावर एक डाव घालते. दोन प्रकार हवे तर "सॉंग यांग", तीन हवे तर "साम यांग", पैसे किती प्रकार घेतले त्यावर. वेळ मात्र सांभाळा. हे जेवण पहाटे शिजतं, सकाळी आठ ते दुपारी बारा-एक ही खरी वेळ, दोननंतर गेलात तर अर्धे ट्रे रिकामे आणि उरलेलं दमलेलं. करी कोमट असते, तसंच असतं ते. बँकॉकमध्ये चतुचाक जवळच्या ऑर तॉर कॉर मार्केटमध्ये हा प्रकार छान स्वच्छ बघायला मिळतो, भाव थोडे जास्त आहेत पण सुरुवातीला नजर तयार करायला उत्तम.

अजून भीती वाटत असेल तर मॉलचं फूड कोर्ट. बँकॉकमध्येच असोक स्टेशनला लागून टर्मिनल 21 मॉल आहे, त्यातलं पिअर 21 हे फूड कोर्ट स्वस्त आहे आणि ऑफिसात काम करणारे थाई लोकही तिथे जेवतात. आधी पैसे भरून कार्ड घ्यायचं, प्रत्येक काउंटरवर फोटो असतात, उरलेले पैसे परत मिळतात. एक दिवस इथे घालवा, पदार्थांचे चेहरे आणि नावं जुळवून घ्या, मग रस्त्यावर या.

नावं पाठ करू नका, नावाची जोडणी समजून घ्या

थाई पदार्थांची बहुतेक नावं सरळ जोडलेली असतात, कसं शिजवलं आणि काय घातलं, कधी हे आधी तर कधी ते. फत म्हणजे मोठ्या आचेवर परतलेलं, थॉत म्हणजे तळलेलं, तोम म्हणजे उकळलेलं, सूप, यांग म्हणजे भाजलेलं, नुंग म्हणजे वाफवलेलं, यम म्हणजे लिंबू-मिरची-फिश सॉस घातलेलं आंबट सॅलड, आणि कॅंग म्हणजे करी किंवा पातळ रस्सा. मग कै म्हणजे चिकन, मू म्हणजे पोर्क, नुआ म्हणजे बीफ, प्ला म्हणजे मासा, कुंग म्हणजे कोळंबी, पू म्हणजे खेकडा, प्लामुक म्हणजे स्क्विड, खै म्हणजे अंडं, फक म्हणजे भाजी, तावहू म्हणजे टोफू. आता कै थॉत म्हटलं की तळलेलं चिकन, प्ला नुंग मनाव म्हटलं की लिंबू घातलेला वाफवलेला मासा. एवढ्या सोळा-सतरा शब्दांवर अर्धी यादी उलगडते.

इथे आपल्याला एक मोठा फायदा आहे जो इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना नाही. क आणि ख, प आणि फ, त आणि थ यातला फरक थाईमध्ये अर्थ बदलतो आणि आपल्याला तो लहानपणापासून येतो. कै म्हणजे चिकन आणि खै म्हणजे अंडं, गोऱ्या लोकांची इथे दमछाक होते, आपण सहज म्हणतो. म्हणून इंग्रजी स्पेलिंग वाचून बोलू नका, एकाच पदार्थाचं स्पेलिंग तीन दुकानांत तीन तऱ्हेचं असतं. कोणाच्या तरी तोंडून ऐका आणि देवनागरीत लिहून घ्या. शेवटचा त, क, प अर्धवट तोडायचा, फत मधला त जिभेवर अडकवून सोडून द्यायचा. थाईमध्ये पाच सूर आहेत आणि ते चुकणारच, पण चिकनच्या दुकानात उभं राहून चिकन मागितलं तर समोरच्याला कळतं, त्यामुळे सुरांची फार धास्ती घेऊ नका.

ताम संग: खरी परीक्षा आणि खरी मजा

आहान ताम संग म्हणजे सांगाल तसं बनवून देणारं दुकान. एक गॅस, एक कढई, समोर काचेत चिरलेलं मांस, भाज्या, अंडी. ऑफिसवाले, टॅक्सीवाले, कॉलेजची पोरं सगळी इथेच जेवतात, एका प्लेटला साध्या वस्तीत साधारण 50 ते 70 बाट. मेनू असला तर भिंतीवर थाईत, नसला तरी काही बिघडत नाही, कारण इथे तुम्ही पदार्थ जोडून सांगायचा असतो.

समजा फत कफ्राव मागवायचंय. कफ्राव म्हणजे आपल्या तुळशीचीच जात, लसूण-मिरची कुटून कढईत टाकतात, त्यात खिमा, वरून मूठभर ही पानं, आणि त्या वासाने शेजारच्या टेबलावरचे लोक शिंकायला लागतात. क्रम असा: पदार्थ, मांस, भातावर घालून, अंडं, किती प्लेट. म्हणजे "फत कफ्राव मू सप, रात खाव, खै दाव, सॉंग चान ख्रप". मू सप म्हणजे पोर्कचा खिमा, चिकनचा हवा तर कै सप. रात खाव म्हणजे भातावर घालून, हे विसरू नका, नाहीतर भाजी वेगळ्या मोठ्या प्लेटमध्ये येते, भात वेगळा आणि पैसे जास्त. खै दाव म्हणजे वर तळलेलं अंडं, कडा कुरकुरीत आणि मधला बलक पातळ, तो फोडून भातात मिसळायचा. सॉंग चान म्हणजे दोन प्लेट. शेवटी पुरुषाने ख्रप, बाईने खा, हे आदराचं शेपूट आहे आणि ते लावलं की समोरच्याचा चेहराच बदलतो.

आता बनवणारी बाई उलट काहीतरी विचारणार, आणि बहुतेक लोक इथे गडबडतात, म्हणून तिचे प्रश्नही ओळखून ठेवा. "फेत मै?" म्हणजे तिखट चालेल का. "सै खै दाव मै?" म्हणजे अंडं घालू का. "किन थी नी?" म्हणजे इथेच खाणार का, आणि पार्सल हवं असेल तर तुम्ही "क्लप बान" म्हणायचं. "राप नाम अरै?" म्हणजे प्यायला काय. "मोत लॅओ" ऐकू आलं तर तो पदार्थ संपला, दुसरं काहीतरी सांगा. मै हा शब्द शेवटी आला की प्रश्न आणि आधी आला की नकार, फेत मै म्हणजे तिखट का आणि मै फेत म्हणजे तिखट नको. एवढं कानात बसलं की निम्मं काम झालं.

कफ्रावचा कंटाळा आला की फत सीइव, म्हणजे रुंद नूडल्स काळ्या सोया सॉसमध्ये परतलेल्या, किंवा कै फत मेत ममुआंग, काजू घातलेलं चिकन, किंवा मू क्रतिअम, लसूण-मिरीत परतलेलं पोर्क, हे शेवटचं तिखट नसतं म्हणून मुलांसाठी बरं. कफ्रावमध्ये गाजर आणि बेबीकॉर्न आलं तर समजा की हे दुकान पर्यटकांसाठी चालतं, पुढच्या वेळी दुसरीकडे जा.

हाक कशी मारायची तेही महत्त्वाचं. आपण जसं ताई, दादा, मावशी म्हणतो तसंच तिथे चालतं, तुमच्यापेक्षा थोडा मोठा दिसला की फी, लहान असला तर नॉंग, आईच्या वयाची बाई असेल तर पा, काकांच्या वयाचे असतील तर लुंग. चुटकी वाजवणं, मोठ्याने ओरडणं अजिबात नको. फी खा, फी ख्रप म्हणून हात थोडा वर केला की पुरे.

नूडल्सच्या दुकानात तीन निर्णय

इथे एक वाक्य म्हणजे तीन निवडी. कुठली नूडल, सूपात की कोरडी, आणि मांस कुठलं. सेन लेक पातळ चपटी, सेन यै रुंद, सेन मी शेवयांसारखी बारीक, बमी अंड्याची पिवळी, वुन सेन काचेसारखी पारदर्शक. नाम म्हणजे सूपात, हॅंग म्हणजे कोरडी. "सेन लेक, नाम, मू" एवढं म्हणून काचेकडे बोट दाखवा. भूक जास्त असेल तर फिसेत, म्हणजे स्पेशल मोठी प्लेट, नेहमीची म्हणजे थम्मदा. फिसेत आपल्या विशेष शब्दाशी जुळतो म्हणून लक्षात राहतो. लक्षात ठेवा, नाम तोक म्हटलं की त्या सूपात रक्त घातलेलं असतं, बोट नूडल्स म्हणून जो प्रसिद्ध प्रकार आहे त्यातही तेच, चालत असेल तर जरूर खा, चव फार गाढ असते, चालत नसेल तर आधीच टाळा.

टेबलावर चार वाट्या असतात: साखर, सुकी मिरची पूड, व्हिनेगरमधली मिरची आणि फिश सॉस. त्या सजावटीला नाहीत, थाई माणूस आधी एक घोट सूप चाखतो आणि मग आपल्याला हवं तसं जुळवतो. न चाखता ओतू नका.

तिखटाचं काय

कोल्हापूर-नागपूरच्या माणसाला वाटतं आपल्याला काय तिखट, पण तिथली फ्रिक खी नू ही बारकी मिरची कच्ची कुटलेली असते, तेलात शिजून मऊ झालेली नाही, त्यामुळे झटका वेगळा लागतो. नित नॉय म्हणजे थोडं. फेत नित नॉय पासून सुरू करा आणि दुसऱ्या दिवशी वाढवा. खरी चव हवी असेल तर जादूचं वाक्य म्हणजे "किन फेत दाइ", तिखट खाता येतं मला. हे ऐकलं की ती फक्त मिरची वाढवत नाही, आंबट आणि फिश सॉसही तिच्या मापाने घालते.

सोम तमच्या गाडीवर हे सगळ्यात छान दिसतं. बाई खलात लसूण टाकते, हातात मिरच्या घेते आणि तुमच्याकडे बघून विचारते "फ्रिक की मेत?", किती मिरच्या. एक म्हणजे नुंग, दोन सॉंग, तीन साम, बोटांनी दाखवलं तरी चालतं. दोन ही सुरुवातीला योग्य संख्या. मग पाम साखर, लिंबू, फिश सॉस, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, पपईचा कीस, आणि कुटता कुटता ती मोठ्या चमच्याने उलथवत राहते. काही जणी थोडं चमच्यावर देऊन विचारतात बरोबर आहे का, तेव्हा लाजू नका, आंबट हवं असेल तर "प्रिआव" म्हणा. सोम तम थै मध्ये शेंगदाणे आणि सुकी कोळंबी असते, तो पहिल्यांदा खा. पू प्ला रा म्हणजे खारवलेला खेकडा आणि आंबवलेल्या माशाचा रस, उग्र असतो, सुकट-बोंबील आवडणाऱ्यांना बहुतेक आवडेलच. सोबत कै यांग आणि खाव निआव, म्हणजे चिकट भात, तो हाताने छोटा गोळा करून बुडवून खायचा, इथे आपण घरच्यासारखेच.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा

थाई जेवणात फिश सॉस मिठाच्या जागी असतो आणि करीच्या वाटणात कपि, म्हणजे कोळंबीची पेस्ट, आधीच कुटलेली असते. म्हणून "मांस नको" म्हटल्यावर भाजीची प्लेट येईल, पण ती फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉसमध्ये परतलेली. त्यात अजून एक घोळ, रोजच्या बोलण्यात नुआ म्हणजे बीफ, त्यामुळे "मै किन नुआ" म्हटलंत तर ती बीफ देणार नाही, पोर्क मात्र देईल. ज्यांना फक्त बीफ टाळायचंय त्यांना हे वाक्य अगदी योग्य, आणि कोणी भुवया उंचावत नाही, कारण कुआन इम देवीला मानणारे कितीतरी थाई लोकही बीफ खात नाहीत.

पूर्ण शाकाहारी लोकांसाठी शब्द एकच, चे. हा चिनी परंपरेतला कडक शाकाहार आहे, मांस-मासे नाहीत, फिश सॉस नाही, अंडं-दूध नाही, कांदा-लसूणही नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं आणि ती दोन अक्षरं बघताना आपल्या नेहमीच्या इंग्रजी 17 आकड्यासारखी दिसतात, त्यामुळे लिपी न येताही लांबून ओळखता येतं. पिवळं आणि 17 दिसलं की निर्धास्त आत जा. आतल्या ट्रेमध्ये डुकराच्या मांसासारखं हुबेहूब काही दिसलं तर दचकू नका, ते गव्हाचं किंवा सोयाचं असतं. आपल्या जैन मित्रांनी एवढं बघावं की बटाटा, गाजर, मुळा यांना तिथे बंदी नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवस चे उत्सव असतो, फुकेतला सगळ्यात मोठा, बँकॉकमध्ये याओवरात या चायनाटाऊन भागात, तेव्हा सगळं शहर पिवळ्या झेंड्यांनी भरतं आणि शाकाहारी माणसाने जायची हीच वेळ.

चेचं दुकान जवळ नसेल तर ताम संगमध्ये जा आणि जिथे बदल शक्य आहे तोच पदार्थ मागा. करी टाळा, सूप टाळा, कारण वाटण आणि हाडांचं पाणी आधीच तयार असतं, तिने हो म्हटलं तरी ती बिचारी काढणार कुठून. फत फक रुआम मित, म्हणजे मिक्स भाजी परतलेली, सांगा आणि पुढे "मै सै नाम प्ला, मै सै नाम मन हॉय, सै सीइव", फिश सॉस नको, ऑयस्टर सॉस नको, सोया सॉस घाल. तोंडी सांगण्यापेक्षा हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या माणसाकडून हेच थाईत स्वच्छ अक्षरात कागदावर लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल तर हा कागद हवाच, "फॅ थुआ लिसोंग", "फॅ कुंग", तिथे उच्चारावर विसंबू नका.

फोन कुठे कामाला येतो आणि कुठे नाही

कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ॲप छापील मेनूवर बरं चालतं, फोटो काढून मग भाषांतर करा, हलत्या कॅमेऱ्यावर शब्द नाचत राहतात. थाईमध्ये शब्दांच्या मध्ये जागा सोडत नाहीत आणि पाटीवरची अक्षरं नक्षीदार किंवा हाताने लिहिलेली असतात, मग ॲप काहीही सांगतं. त्यापेक्षा गूगल मॅप्सवर त्या दुकानाचे फोटो उघडा, लोक कुठला पदार्थ पुन्हा पुन्हा टाकतायत ते बघा, तोच त्या दुकानाचा खरा पदार्थ, आणि तो फोटो सरळ पुढे धरून "आव अन नी", मला हे हवंय. शेजारच्या टेबलावरचं आवडलं तर हसून तिकडे हळूच हात दाखवला तरी कोणी रागावत नाही. "नॅ नाम अरै?" म्हणजे तुम्ही काय सुचवाल, हेही विचारा आणि जे सांगतील ते घ्या.

चार-पाच जण असाल तर प्रत्येकाने आपापली प्लेट मागवू नका, मध्ये ठेवून वाटून खायचं असतं. एक करी, एक परतलेलं, एक यम, एक सूप, एक मासा, आणि भात वेगळा, खाव प्लाव. सगळं एकाच चवीचं नको, तोम यम आहे तर दुसरं आंबट कमी करा. चमचा उजव्या हातात, काट्याने फक्त चमच्यावर ढकलायचं. पाणी साधं हवं तर नाम प्लाव, चहा-कॉफी-सरबत मागताना "वान नॉय", गोड कमी, नक्की म्हणा. बर्फ नळीसारखा, मध्ये भोक असलेला असेल तर तो फॅक्टरीतला.

बिलासाठी टपरीवर "केप तंग", जरा मोठ्या ठिकाणी "चेक बिन". थाई लोक क्यूआर स्कॅन करून देतात, तुम्ही 20, 50 आणि 100 च्या नोटा जवळ ठेवा, सकाळी सकाळी टपरीवर 1000 ची नोट काढली तर ती शेजारून सुट्टे आणायला धावणार. आणि चव आवडली असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिथेच जा, एवढंच म्हणा, "म्वन दम", कालचंच द्या. तिला तुमच्या मिरच्यांचा आकडा पाठ झालेला असतो, आणि बहुतेक वेळा ती एखादी वाढवूनच टाकते.